खांद्याचा एमआर आर्थ्रोग्राम: उपाशी राहण्याआधी विचारायच्या आणि सांगायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ 23 वर्षांचा, पहाटे आणि संध्याकाळी तालमीत, दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर. उजवा खांदा वर्षभरात तीनदा उतरला. चार महिन्यांपूर्वी साधा एमआरआय झाला, तरी डॉक्टरांनी आता एमआर आर्थ्रोग्राम लिहून दिलाय. सेंटरवरून फोनवर ‘सहा तास उपाशी या’ एवढंच सांगितलं. घरात ‘सांध्यात सुई’ आणि ‘डाय’ हे दोन शब्द ऐकूनच सगळे धास्तावलेत. तर परत तपासणी कशाला, आणि तयारी नेमकी काय करायची?

तपासणीची तयारी म्हटलं की पोट रिकामं ठेवायचं, असं सगळ्यांच्या मनात असतं. या तपासणीत पोटाचा संबंध फार थोडा येतो. ही खरं तर एकामागून एक होणारी दोन कामं आहेत. आधी सुईने सांध्यात पातळ केलेलं औषध भरायचं, मग ते आत आहे तोवर मशीनमध्ये फोटो काढायचे. आर्थ्रोग्राम वाया जातो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी: भलतीच तपासणी बुक झालेली असते, सुई आणि मशीन यांच्यामधला वेळ लांबतो, किंवा आधी सांगायची गोष्ट पेशंट टेबलावर झोपल्यावर सांगतो. या तिन्ही गोष्टी तुम्ही घरबसल्या, आदल्या आठवड्यातच सांभाळू शकता.

आधी ‘परत कशाला’ हे बघू. खांद्याची वाटी उथळ असते. तिच्या काठाला रबरी वायसरसारखी एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. खांदा पुढच्या बाजूला उतरतो तेव्हा ही कड पुढून-खालून सुटते, त्याला बँकार्ट इजा म्हणतात. दंडाच्या हाडाचा गोळा वाटीच्या काठावर आपटून मागच्या अंगाला चेपतो, ती हिल-सॅक्स खोक. हिल आणि सॅक्स या दोन रेडिओलॉजिस्टनी 1940 साली तिचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. हाडाची खोक साध्या एमआरआयमध्ये दिसते. पण जुनी सुटलेली कड बऱ्याचदा हाडाला चिकटून बसलेली असते आणि सांधा कोरडा असला की ती सुटलीय की शाबूत आहे हे ओळखणं अवघड जातं. सांध्यात 10 ते 15 मिली पाणी भरलं की आवरण फुगतं, कड हाडापासून वेगळी होते आणि जिथे फट आहे तिथे औषध शिरतं. एमआरआयवर ती फट पांढरी उठून दिसते. शस्त्रक्रिया करायची का, आणि कुठली, हे ठरवताना डॉक्टरांना हीच माहिती हवी असते.

हे सगळ्यांना लागतंच असं नाही. खांदा उतरून आठवडा-दोन आठवडेच झाले असतील तर सांध्यात रक्त आणि पाणी आपोआप साठलेलं असतं. तेच औषधाचं काम करतं, साधा एमआरआय पुरतो. 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चांगल्या मशीनवर, खांद्याची स्वतंत्र कॉइल, म्हणजे सिग्नल टिपणारी पट्टी, लावून काढलेल्या साध्या फोटोंवरही बऱ्याच वेळा निभावतं. म्हणून जुना एमआरआय घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा: ‘या फोटोत तुम्हाला काय दिसत नाहीये, जे आर्थ्रोग्राममध्ये दिसेल?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. उलट त्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या, ते पुढे उपयोगी पडतं. भावाची गोष्ट जुनी आहे, तीनदा झालेली आहे, आणि त्याला परत मातीत उतरायचंय. अशा वेळी आर्थ्रोग्राम मागणं मला रास्त वाटतं.

आता बुकिंग. चिठ्ठीवर ‘एमआर आर्थ्रोग्राम, उजवा खांदा’ असं लिहिलेलं असतं आणि काउंटरवर नोंद होते ‘शोल्डर एमआरआय कॉन्ट्रास्ट’. या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. साध्या कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये औषध हाताच्या शिरेतून देतात. ती गाठ, जंतुसंसर्ग, संधिवाताची सूज यांच्यासाठी असते. त्यात सांधा फुगत नाही. तुम्हाला सांगितलेले ‘सहा तास उपाशी’ हे शब्दही बहुधा त्याच यादीतले आहेत. म्हणून फोन करून एकच वाक्य विचारा: ‘इंजेक्शन शिरेत देणार की सांध्यात, आणि सांध्यात देणार असाल तर ते कोण देणार?’ समोरच्याला उत्तर देता आलं नाही तर टेक्निशियन किंवा रेडिओलॉजिस्टशी बोलायला मागा. सांध्यात सुई घालणारे डॉक्टर रोज हजर असतातच असं नाही, ठरावीक वारी येतात. सोमवारची वेळ मिळाली आणि डॉक्टर गुरुवारी येणारे, असं व्हायला नको.

त्याच फोनवर दुसरा प्रश्न: सुई आणि मशीन एकाच इमारतीत आहे का? काही वेळा ऑर्थोपेडिक डॉक्टर आपल्या दवाखान्यात सी-आर्मखाली, म्हणजे पडद्यावर चालू चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनखाली, औषध भरतात आणि पेशंटला दुसरीकडच्या एमआरआय सेंटरला पाठवतात. असं करता येतं, पण घड्याळ सांभाळून. औषध भरल्यापासून 30 ते 45 मिनिटांत फोटो सुरू झालेले उत्तम. दीड तासाच्या पुढे गेलं की औषध सांध्याच्या अस्तरातून शोषलं जातं, आवरण सैल पडतं आणि ज्या फटीसाठी एवढा खटाटोप केला तीच परत मिटते. राजारामपुरीतून शाहूपुरीत जायचं अंतर नकाशावर काहीच नाही. पण दसरा चौकात मिरवणूक असेल, नाहीतर एमआरआयवर अपघाताचा पेशंट मध्येच घेतला असेल, तर तास सहज जातो. म्हणून दोन ठिकाणी करायचंच असेल तर सुई टोचण्याआधी एमआरआयच्या टेक्निशियनला फोन करून ‘मशीन मोकळं आहे का’ हे दवाखान्यातून विचारून घ्यायला सांगा. आणि ते अंतर मोटरसायकलवर मागे बसून जाऊ नका. खड्ड्यांचे हिसके बसले आणि हात जोराने हलला की औषध आवरणाच्या कच्च्या जागेतून बाहेर झिरपतं, आणि फोटोत ते आवरण फाटल्यासारखं दिसतं. रिक्षा किंवा गाडी, हात पोटाशी धरून.

तिसरा प्रश्न मशीनच्या तोंडाचा. मशीनच्या बोगद्याचा व्यास साधारण 60 सेंटिमीटर असतो, नव्या काही मशीनचा 70. खांद्याच्या तपासणीत डोकं आणि छाती आत जाते, कारण खांदा बरोबर मधोमध यावा लागतो. गुडघा किंवा घोट्याला पाय आधी जातात, चेहरा बहुतेक वेळा बाहेर राहतो. पैलवानाचे रुंद खांदे 60 च्या बोगद्यात दोन्ही बाजूंना घासतात, दुखरा खांदा मध्यभागी आणता येत नाही आणि कडेला फोटोचा दर्जा पडतो. भाऊ खूप भरलेल्या अंगाचा असेल तर हे आधीच सांगून 70 सेंटिमीटरचं मशीन असलेलं सेंटर बघा. बंद जागेत घुसमटतं का, हेही आत्ताच त्याला विचारा. तालमीतला गडी ‘मला कसली भीती’ म्हणेल, पण दोन मिनिटं पलंगाखाली आडवा होऊन बघू दे.

आता सांगायच्या गोष्टी. पहिली आणि सगळ्यात मोठी: डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेलाय का? भाऊ लेथवर काम करतो म्हणून हे मुद्दाम विचारतोय. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये ग्राइंडिंगची ठिणगी डोळ्यात जाणं नेहमीचं आहे आणि शेजारच्याने रुमालाच्या टोकाने काढलं की माणूस विसरून जातो. एमआरआयचं चुंबक प्रचंड ताकदीचं असतं आणि चोवीस तास चालू असतं. बुबुळाजवळ रुतून बसलेला बारीक लोखंडी कण त्यात हलू शकतो आणि नजर जाऊ शकते. असं कधी झालं असेल, डॉक्टरकडे जाऊन काढलं असेल किंवा नसेल, तरी सांगा. डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढून खात्री करतात, थोड्या वेळाचं काम असतं. पण ते आधी झालं पाहिजे. औषध सांध्यात भरल्यावर हे आठवलं तर एक्स-रे होईपर्यंत मधला वेळ निघून जातो.

दुसरी: शरीरात बसवलेली उपकरणं. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या रक्तवाहिनीवरची क्लिप, छर्रे. भावाला यातलं काही नसेल, पण हे उत्तर दुसऱ्या घरातही वाचलं जाईल म्हणून लिहितोय. पेसमेकर असेल आणि तो एमआरआयला चालणारा नसेल तर आर्थ्रोग्राम सीटी स्कॅनवर करता येतो. तिथे गॅडोलिनियमऐवजी, म्हणजे एमआरआयच्या नेहमीच्या डायऐवजी, आयोडीनचं औषध भरतात. हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूने सहसा धोका नसतो, पण त्याच खांद्यात असतील तर फोटोत डाग पडतो. ऑपरेशनचे कागद आणा.

तिसरी: कातडी. या मुद्द्यावर मी आग्रही आहे. सांध्यात जंतुसंसर्ग होणं ही या तपासणीची फार क्वचित, पण सगळ्यात वाईट गुंतागुंत. सुई जिथून जाते तिथली कातडी स्वच्छ आणि अखंड असेल तर ती जवळपास टळते. तालमीत लाल मातीत घोळलेल्या अंगावर नायटा, केसतोड, खरचटलेल्या जखमा नेहमीच्या असतात. खांद्याच्या पुढे, मागे किंवा काखेजवळ असं काही असेल तर चार-पाच दिवस आधी डॉक्टरांना दाखवा. सुईची जागा बदलता येते, नाहीतर तारीख पुढे ढकलता येते. उतरलेला खांदा बसवून घ्यायला हाडवैद्याकडे जाऊन लेप बांधला असेल तर तो आठवडाभर आधी काढा. लेपाखाली कातडी सोललेली किंवा पुरळ आलेली असू शकते. आदल्या दिवसापासून तेल मालिश, हळद, बाम, स्प्रे बंद. त्या दिवशी सकाळी साबणाने अंघोळ करून यायचं. खांद्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमांतूनच जंतू शिरतात. ताप, घशात पू, कुठेही गळू असेल तर तपासणी पुढे ढकला. ती तातडीची नाही.

चौथी: ॲलर्जी. आधी कधी सीटी किंवा एमआरआयच्या डायने अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, असं झालं असेल तर ते फोनवरच सांगा. गरज पडली तर आधी स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात आणि त्या साधारण 12-13 तास आधीपासून सुरू कराव्या लागतात. दारात येऊन सांगितलं तर तारीखच बदलते. मासे-कोळंबीची ॲलर्जी आणि डाय यांचा तसा खास संबंध नाही. बधिर करण्याच्या इंजेक्शनची, म्हणजे लिग्नोकेनची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. दात काढताना त्रास झाला होता का, हे आठवा.

पाचवी: गोळ्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, ॲसिट्रॉम अशा रक्त पातळ करायच्या गोळ्या घरातल्या ज्येष्ठांना चालू असतात. सांध्यातली सुई ही कमी रक्तस्रावाच्या कामांत मोडते, त्यामुळे बऱ्याच वेळा त्या बंद कराव्या लागतच नाहीत. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट मागतात. हृदयात स्टेंट असताना मनाने गोळी बंद करणं हे या सुईपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. मधुमेहाच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्यायच्या, सांध्यातल्या गॅडोलिनियमसाठी मेटफॉर्मिन थांबवायची गरज नसते. फक्त औषधात स्टिरॉइडही मिसळणार आहेत का, ते विचारा. काही डॉक्टर तपासणी आणि उपचार एकाच सुईत करतात. तसं असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते. आणि शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर सांध्यात स्टिरॉइड नको असतं.

गरोदर बाईने ही तपासणी करू नये. पाळी चुकली असेल तर आधी चाचणी करून घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध थांबवावं लागत नाही.

आता ‘डाय’ची भीती. गॅडोलिनियमबद्दल मोबाईलवर जे फिरतं ते जवळजवळ सगळं शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेबद्दल आहे. हिशोब असा: शिरेतून देताना किलोमागे 0.1 मिलिमोल (मिलिमोल हे औषधाची मात्रा मोजायचं एकक), म्हणजे 70 किलोच्या माणसाला 7 मिलिमोल. सांध्यात लिटरला साधारण 2 मिलिमोल एवढं पातळ केलेलं औषध 12 मिली भरतात, म्हणजे 0.024 मिलिमोल. जवळपास तीनशेवा भाग. 2017 साली युरोपच्या औषध नियामकांनी गॅडोलिनियमची काही जुन्या बनावटीची शिरेतली इंजेक्शनं थांबवली. तेव्हाही त्यातल्याच एका औषधाचं सांध्यात द्यायचं पातळ रूप चालू ठेवलं, कारण मात्रा अगदी कमी असते. मूत्रपिंडाचा गंभीर आजार किंवा डायलिसिस असेल तर अर्थात सांगायचंच. सेंटरने क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) रिपोर्ट मागितला तर वाद घालू नका, करून टाका. पण तो नाही म्हणून 23 वर्षांच्या निरोगी मुलाची तपासणी अडायचं कारण नाही.

पातळ करण्याच्या प्रमाणाबद्दल दोन शब्द, कारण तपासणी बिघडण्याची ही एक छुपी जागा आहे. नेहमीच्या बाटलीतलं गॅडोलिनियम 0.1 मिली आणि सलाईन 20 मिली, म्हणजे एकास दोनशे, असं मिश्रण करतात. बारीक खुणांच्या 1 मिलीच्या सिरिंजनेच ते मोजावं लागतं. 0.1 च्या जागी 1 मिली गेलं तर मिश्रण दहापट दाट होतं आणि जास्त दाट गॅडोलिनियम एमआरआयवर पांढरं दिसायच्या ऐवजी काळपट पडतं. सिरिंजमधले हवेचे बुडबुडेही आत जाऊ देत नाहीत. सांध्यात बुडबुडा काळा ठिपका दिसतो आणि सुट्या तुकड्यासारखा फसवतो. हे तुम्ही तपासायचं नाही. पण जिथे ही तपासणी नेहमी होते तिथे हात बसलेला असतो, म्हणून ‘तुमच्याकडे आर्थ्रोग्राम नेहमी होतात का’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. थोडं लांबचं सेंटर पण सवयीचा हात, यात मी सवयीचा हात निवडेन.

मग खायचं की नाही? नुसता आर्थ्रोग्राम असेल तर हलकं खाऊन यावं हे माझं मत. दोन तास आधी पोहे, उप्पीट, भाकरी-दूध काहीही, पाणी भरपूर. उपवास असेल तर तो दिवस टाळा किंवा फळं-दूध तरी घ्या. रिकाम्या पोटी, घाबरलेल्या अवस्थेत सुई टोचली की रक्तदाब एकदम उतरतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे तरुण, धडधाकट पोरांतच जास्त दिसतं. पैलवान आहे म्हणून होणार नाही, असं धरून चालू नका. झोपवून, पाय उंच करून पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, पण तेवढा वेळ तपासणीतून जातो. उपाशी राहणं खरोखर लागतं ते घुसमट टाळायला झोपेचं इंजेक्शन देणार असतील तेव्हा: घन अन्न 6 तास आणि साधं पाणी 2 तास आधी बंद. म्हणून सेंटरला विचारा, ‘भूल किंवा झोपेचं औषध देणार आहात का?’ नाही म्हणाले तर खाऊन येऊ का, हेही त्यांच्याकडूनच वदवून घ्या. त्यांनी तरीही उपाशीच बोलावलं तर त्यांचं ऐका, नाहीतर त्या दिवशीचा नंबर जाईल.

आणायचे कागद: डॉक्टरांची चिठ्ठी, जुना एक्स-रे, जुन्या एमआरआयची सीडी. फिल्म पुरेशी नाही, सीडीवर फोटो मोठे करून शेजारी शेजारी लावता येतात. चिठ्ठीवर नुसतं ‘खांदा दुखतो’ नको. ‘पुढे उतरतो, तीनदा, शेवटचा अमक्या महिन्यात, हात कुठल्या स्थितीत असताना उतरला, बँकार्ट आहे का, हाडाची झीज किती’ असं हवं. रिपोर्ट लिहिणारा प्रश्नाचं उत्तर शोधत असतो. प्रश्नच मोघम असेल तर उत्तर मोघम येतं. खर्चाचंही आधीच विचारा: सुई देण्याचे पैसे, औषध आणि एमआरआय मिळून आकडा सांगतायत की फक्त एमआरआयचा.

कपडे पुढून बटणांचे, सैल. दुखरा हात वर करून बनियन काढणं नको. धातू घरीच ठेवा: कडं, साखळी, अंगठी, तांब्याचा छल्ला, दंडातला किंवा गळ्यातला ताईत, चांदीचा करदोटा. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण मिश्रधातूचा भरवसा नाही आणि कुठलाही धातू आत तापू शकतो. ताईत काढायला घरचे तयार नसतील तर आदल्या दिवशीच समजूत घाला. बायकांनी जोडवी, मंगळसूत्र, नथ, केसांच्या पिना आणि पदराची सेफ्टी पिन काढून यावं. जोडवी घट्ट बसली असतील तर घरी साबण लावून काढा. मोबाईल, किल्ल्या, एटीएम कार्ड बाहेर.

त्या दिवशी होतं ते असं. सोनोग्राफी, सी-आर्म किंवा सीटीवर बघत सुई घालतात. कातडी दोनदा जंतुनाशकाने पुसतात, निर्जंतुक कापड टाकतात. बारीक सुईने 2 ते 5 मिली लिग्नोकेन देतात. चुरचुरतं ते एवढंच. मग 22 गेजची लांब सुई. ही कापसाच्या वातीपेक्षा बारीक असते, लांबीला घाबरू नका. पुढून घालतात किंवा मागून. पुढची कड बघायची असेल तर काही जण मुद्दाम मागून जातात, म्हणजे चुकून बाहेर सांडलेलं औषध पुढच्या बाजूला गोंधळ घालत नाही. सी-आर्मवर आधी 1-2 मिली आयोडीनचं औषध टाकून सुई आत असल्याची खात्री करतात. सोनोग्राफीवर त्याची गरज पडत नाही. औषध भरताना तीव्र दुखत नाही, खांदा आतून जड होतो, ताणल्यासारखा वाटतो. खूप दुखलं किंवा भरायला जोर लागला तर सांगायचं, कारण सुई सांध्याबाहेर असू शकते. सगळं मिळून 15-20 मिनिटं. दुसऱ्या सांध्यांचं गणित वेगळं: मनगटाला 3-4 मिली, घोट्याला 6 ते 10, खुब्याला खांद्याइतकंच, गुडघ्याला 30-40.

मशीनमध्ये 30 ते 45 मिनिटं. कानात बोळे, हातात बोलावण्याचा फुगा. हात तळवा वर करून अंगाशी ठेवतात आणि वाळूची पिशवी लावतात. एक फोटो 3-4 मिनिटांचा असतो, त्यात जरा हललं तरी तो परत काढावा लागतो. श्वास शांत, पोटाने. छातीने मोठा श्वास घेतला की खांदा हलतो. शेवटी हात डोक्यामागे ठेवून काही फोटो काढतात. या स्थितीत पुढची कड ताणली जाते आणि चिकटलेली फट उघडते. पण उतरणाऱ्या खांद्यासाठी हीच नाजूक स्थिती. खांदा सरकतोय असं वाटलं तर त्याने लगेच सांगावं. टेक्निशियन ती मालिका सोडून देतात, बाकीचे फोटो पुरेसे असतात. सहन करत राहू नये.

दुखण्याची गोळी आधी घ्यावी का? साधारण चालते, आणि दुखतंय म्हणून हलणार असेल तर घेतलेली बरी. फक्त बधिर करून दुखणं सांध्यातूनच येतंय का हे डॉक्टरांना तपासायचं असेल तर ते आधी गोळी बंद ठेवायला सांगतात. म्हणून त्यांना विचारून.

घरी जाताना त्याने गाडी चालवू नये, सोबत कुणीतरी हवं. गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीकडून येणाऱ्यांनी एसटीची शेवटची गाडी धरून वेळ बांधू नये, संध्याकाळपर्यंतचा दिवस मोकळा ठेवावा. त्याच रात्री खांदा जड आणि दुखरा होतो, काही जणांना दुसऱ्या दिवशी जास्त वाटतं. औषधाने अस्तर थोडं चिडतं म्हणून असं होतं. बर्फ कापडात गुंडाळून 10-15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पॅरासिटामॉल. एक-दोन दिवसांत उतरतं. अंघोळ दुसऱ्या दिवशी चालेल, पण पंचगंगेत किंवा तलावात पोहणं 48 तास नाही. जोर, दोरी चढणं, लढत निदान दोन दिवस बंद. आणि तसंही, रिपोर्ट डॉक्टरांनी बघेपर्यंत या खांद्याने मातीत उतरणं मला पटणार नाही. चौथ्यांदा उतरला तर वाटीचं हाड आणखी झिजतं आणि दुर्बिणीतून कड शिवण्यावर भागलं असतं तिथे हाड बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागू शकते. रिपोर्टनंतर डॉक्टरांनी 3-डी सीटी सांगितला तर तो वेगळ्या प्रश्नासाठी असतो, हाड नेमकं किती झिजलंय हे मोजायला.

दोन दिवसांनंतर दुखणं उतरायच्या ऐवजी चढत गेलं, खांदा गरम आणि लाल झाला, थंडी वाजून ताप आला, हात हलवताच जीव जाऊ लागला, तर सकाळची वाट बघू नका. हाडवैद्य नको, शेक नको, घरी उरलेली अँटिबायोटिकही नको. ती अर्धवट घेतली तर सांध्यातल्या पाण्यात जंतू सापडत नाहीत. ज्यांनी सुई दिली त्यांच्याकडे किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागेल. ड्युटीवरच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा, की या खांद्यात अमक्या तारखेला सुई गेली होती, आणि फाईल पुढे करा.